पिशव्या कोण सांभाळणार?

समुद्रावर सहलीला आलेल्या कुठल्याही कुटुंबाकडे जरा लांबून बघा. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे असतात. मुलं लाटांशी मस्ती करत असतात. कॉलेजातला पुतण्या फोटो काढत असतो. आणि ओल्या वाळूच्या अलीकडे चपलांचा ढीग, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, चार मोबाइल आणि लाडवाचा डबा यांच्या मधोमध एक बाई बसलेली असते. "आई, तू पण ये ना!" असं कुणीतरी एकदा ओरडतं. "तुम्ही खेळा, मी आहे इथं," असं ती म्हणते. घरी आल्यावर शेजारणीला मात्र "आम्ही समुद्रावर जाऊन आलो" असंच सांगते. ते खोटं नसतं. पण तिच्या वाट्याला त्यातला समुद्र किती आला, हे कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटात हाच प्रश्न निघाला आणि त्यातून एक सहल झाली. आज तिच्याबद्दल लिहायचं आहे. किनारा 'कुटुंबाला चांगला' कधी म्हणायचा, हे मला त्या दोन दिवसांत नीट कळलं.

मी कोल्हापूरजवळच्या एका गावात गेली बारा वर्षं महिलांच्या गटांचं काम करते. आमच्या एका गटात बावीस जणी आहेत. कुणी शेतात जाते, कुणी शिवणकाम करते, एक अंगणवाडीत मदतनीस आहे, दोघी डबे देतात. कोकण आमच्यापासून एका घाटाच्या अंतरावर. तरीही बावीसपैकी नऊ जणींनी समुद्र पाहिलाच नव्हता. पाहिलेल्या तेरा जणींना विचारलं, "पाण्यात कोण कोण उतरलं होतं?" तर चारच हात वर आले. एक जण म्हणाली, "ताई, मी गेलते की. पण धाकटा कडेवर हुता, त्यो लाट बघून रडाय लागला. मग काय, बसले वाळूत."

त्याच बैठकीत ठरलं की जायचं, फक्त बायकांनी आणि पोरांनी. महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकायचे. दीड वर्षात प्रत्येकीचे अठराशे झाले. बस, राहणं, जेवण सगळं त्यातच भागवायचं.

पैशांचं जमलं, पण घरच्यांच्या परवानगीचं तेवढं सोपं नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या आमच्या एका वहिनींच्या घरात 'समुद्र' हा शब्दच वर्ज्य. काही वर्षांपूर्वी त्यांचा भाचा कॉलेजच्या मित्रांबरोबर किनाऱ्यावर गेला आणि परत आला नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा, विहिरीत पट्टीचा पोहणारा. तेव्हापासून त्यांच्या घरातलं कुणी समुद्रावर गेलेलं नाही. त्यांची मुलगी सातवीत. शाळेची सहल कोकणात गेली तेव्हाही तिला पाठवलं नव्हतं. ती आईच्या मागे लागली, आई गप्प. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला, "पोरगीला न्यायची तर मीबी येनार. माझ्या नजरंम्होरं ऱ्हाऊ दे." सासूबाईंचं वय अडुसष्ट.

त्यांचं हे बोलणं ऐकलं आणि मी ठरवलं, की जागा नुसती सुंदर आहे म्हणून निवडायची नाही. तिथली पूर्ण चौकशी करायची. ओळखीतून नंबर मिळवून चार गावांत फोन केले आणि सगळीकडे तेच प्रश्न विचारले. बायकांसाठी संडास-बाथरूम किती आणि पाण्यापासून किती लांब? ओले कपडे बदलायला बंद खोली आहे का? घरातलं कुणी रोज समुद्रावर जातं का, आणि सकाळी आमच्याबरोबर किनाऱ्यावर थांबेल का? पहिला प्रश्न काहींना विचित्र वाटला. पण प्रवासात बाई पाणी का पीत नाही, हे आपल्याला सांगायला नको. दिवसभर तहान मारून बसलेल्या बाईला कसला आलाय समुद्र!

या चौकशीतून आम्ही भोगवे ठरवलं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यात, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. खाडीपलीकडे मालवण तालुक्यातलं देवबाग, त्याच्या पुढे तारकर्ली. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून तारकर्ली-देवबागकडे पाहुण्यांची रीघ वाढत गेली, पण अलीकडचं भोगवे त्या मानानं निवांत राहिलं. डिसेंबर २०२४ मधल्या एका शनिवारी पहाटे आम्ही बावीस जणी, सासूबाई आणि सात पोरं बसमध्ये बसलो. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडाघाट उतरून कणकवली, कुडाळ, परुळे. घाट उतरताना निम्म्या जणींना उलट्या आणि उरलेल्यांच्या गाण्याच्या भेंड्या!

परुळ्याच्या पुढे रस्ता सड्यावरून जातो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. डिसेंबरात तिथं वाळलेलं गवत आणि काळपट-तांबडा कातळ, बाकी काही नाही. समुद्राचा मागमूस नसतो. आणि मग रस्ता एकदम खाली वळतो. झाडांच्या मधून डोंगराच्या पायथ्याला माडांची हिरवी पट्टी दिसते, तिच्या पुढे लांबच लांब पांढुरकी वाळू आणि तिथून थेट आभाळापर्यंत पाणी. बसमधल्या भेंड्या थांबल्या. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्या नऊ जणींपैकी एकीनं हात जोडले. दुसरी एवढंच म्हणाली, "आगं आई, केवढा!"

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकींनी आम्हाला लगेच पाण्यावर जाऊ दिलं नाही. चहा दिला आणि म्हणाल्या, "आज फक्त वरसून बघा. पान्यात उद्या सकाळी." त्यांचे यजमान मासेमारी करतात. ते आम्हाला संध्याकाळी निवतीच्या किल्ल्यावर घेऊन गेले. भोगव्याचा किनारा दक्षिणेला जिथं संपतो, तिथं समुद्रात घुसलेल्या डोंगरावर हा शिवकालीन किल्ला आहे. तटाबुरुजांचे अवशेष, झाडी, आणि कड्याच्या टोकावरून दिसणारा भोगव्याचा अख्खा किनारा. एका बाजूला कडे, दुसऱ्या बाजूला लांबवर कर्लीचं मुख.

काकांनी आम्हाला बोटानं समुद्र 'वाचून' दाखवला. सगळीकडे लाटांच्या पांढऱ्या रेघा फुटत होत्या. पण खडकांच्या कडेला एक पट्टा असा होता, की तिथं फेस कमी, पाणी जरा गढूळ आणि वरवर शांत. काका म्हणाले, "नवीन माणसाक वाटता, हंय लाटा नाय, हंयच आंघोळ करूया. आनी थंयच पानी भायर वडता." लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. ती वाट अरुंद असली, की तिथून ते ओढ्यासारखं जोरानं आत जातं. माणूस त्यात सापडला, की घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागतो. पाण्याच्या ओढीविरुद्ध कितीही ताकद लावली तरी दमतो आणि बुडतो. पट्टीचा पोहणारासुद्धा.

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मग काय करायचं आसतं?"

काकांनी सांगितलं, ते मी इथं प्रत्येकीसाठी लिहिते. घाबरून झगडायचं नाही. अंग सैल सोडून तरंगत राहायचं, एक हात वर करून हाक मारायची. हा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवं पोहत त्यातून बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे यायचं. आणि बाहेर उभ्या असलेल्यांनी आंधळेपणानं पाण्यात उडी घ्यायची नाही. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं बुडतात ते असेच. दोर फेकायचा, तरंगणारी वस्तू फेकायची, मच्छीमारांना हाक मारायची, ११२ वर फोन करायचा.

वहिनी बराच वेळ त्या शांत पट्ट्याकडे बघत होत्या. "त्याला ह्ये कुनी सांगितलंच नसंल," एवढंच म्हणाल्या. आम्ही कुणी काही बोललो नाही. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही उतरायला लागलो.

त्या रात्री अंगणात बसून आम्ही भरती-ओहोटीचा हिशेब शिकलो. कोकणात एक जुना आडाखा आहे, तिथीची पाऊणपट. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची साधारण वेळ निघते. दुसऱ्या दिवशी कृष्ण सप्तमी होती. सात त्रिक एकवीस, भागिले चार म्हणजे सव्वापाच. त्याच्या आधी साधारण सहा तास ओहोटी. हा आडाखा ढोबळ आहे, गावागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून पक्की वेळ तिथल्या मच्छीमारांनाच विचारायची. शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला हा चढउतार कमी. आपण एकादशी-चतुर्थीसाठी कॅलेंडर बघतोच की, सहलीची तारीख ठरवतानाही बघावं. अंधारात दूर समुद्रात निवतीच्या खडकांवरच्या दीपगृहाचा प्रकाश मधूनमधून चमकत होता. पोरं तो मोजत मोजत झोपली.

रविवारी सकाळी काकींनी आधी आमच्या कपड्यांची तपासणी केली! नायलॉनच्या पाचवारी साड्या बाद. ओली साडी पायात गुंडाळली, की गुडघाभर पाण्यातसुद्धा बाई पडते. पंजाबी ड्रेसच्या ओढण्या घरीच. कुणी मुलाची ट्रॅक पँट घातली, कुणी जुना सुती कुर्ता. सगळ्यांत योग्य पोशाख निघाला तो सासूबाईंचा, काष्टा घातलेली नऊवारी. "आता बोला," म्हणाल्या त्या. आम्ही बरोबर एक जाड दोर आणि झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे तेलाचे कॅन घेतले होते. दोर कॅनला बांधला, की बुडणाऱ्याला फेकायचं साधन तयार.

आणि मग पिशव्यांचा प्रश्न. तो आम्ही घरूनच सोडवून आलो होतो. पाच-पाच, सहा-सहा जणींचे चार गट. प्रत्येक गटाची अर्ध्या तासाची पाळी. एका गटानं पिशव्या सांभाळायच्या, दुसऱ्यानं पाण्यातल्या पोरांवर फक्त नजर ठेवायची, गप्पा नाहीत, मोबाइल नाही. उरलेल्या दोन गटांनी पाण्यात जायचं. पोरं कंबरेच्या वर पाण्यात जाणार नाहीत आणि प्रत्येक पोराच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस असेल. काकींनी खडकांपासून लांब, जिथं लाटा एकसारख्या फुटत होत्या आणि वाळू हळूहळू उतरत जात होती, तिथं दोन काठ्या रोवल्या. या दोन काठ्यांच्या मध्येच खेळायचं. कर्लीच्या मुखाकडे तर अजिबात जायचं नाही, नदी आणि समुद्र भेटतात तिथं ओढ फार.

पहिल्या दहा मिनिटांत कुणी घोट्याच्या पुढे गेलं नाही. लाट आली की किंचाळून मागे. मग अंगणवाडीताई धपकन बसल्या आणि लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. त्या उठल्या त्या हसतच. त्यानंतर कुणी कुणाचं ऐकेना! दोन सुना आणि एक आत्या हातात हात घालून फुगडीच्या तालावर लाटा झेलत होत्या. एकीची पाळी सुरू होती, तिला पाण्यात जायचं नव्हतं. ती भिजलेल्या वाळूत पाय पसरून बसली आणि येणाऱ्या लाटेनं पाय धुऊन घेत राहिली. तिच्यासाठीही तो किनारा होताच. कुणी बघणारं नव्हतं, कुणी ओरडणारं नव्हतं, कुणाला चहा द्यायचा नव्हता.

वहिनींची मुलगी आईचा हात धरून कोरड्या वाळूत उभी होती. तिनं हट्ट केला नाही, फक्त आईकडे बघत राहिली. वहिनींनी काकांना पुन्हा एकदा विचारलं, "हितं वडतं का?" काका म्हणाले, "नाय गो बाय. मी हयच उभो आसय." मग दोघी निघाल्या. घोट्यापर्यंत. थांबल्या. मग पोटऱ्यांपर्यंत. लाट आली तशी मुलगी हसली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पाय मागे गेला नाही. सासूबाई पाण्याच्या कडेला काष्टा खोचून, कॅनचा दोर हाताला गुंडाळून उभ्या होत्या. त्यांनी पाळी कुणाला दिलीच नाही!

साडेनऊच्या सुमाराला पलीकडे रापण ओढायला सुरुवात झाली. होडीतून लांब जाळं समुद्रात अर्धगोलात सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, ती रापण. हे सगळ्यांनी मिळून करायचं काम आणि मिळालेल्या मासळीचे वाटेही सगळ्यांचे. आमच्या बायकांना राहवेना. ऊस तोडणारे, भारे बांधणारे हात ते! त्यांनी दोर धरला तसा तिथला एक म्हातारा म्हणाला, "ह्यो बायो रोज येवंक होयो!" जाळ्यात तारली, बांगडे, चमकणारी बारीक मासळी आली. मार्गशीर्ष असल्यामुळे आमच्यातल्या निम्म्या जणी मांसाहार करत नव्हत्या. त्यांच्यासाठी काकींनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं. बाकीच्यांना बांगड्याचं तिखलं. सोलकढी सगळ्यांनाच.

उन्हं चढली तशी पोरं कड्याच्या सावलीकडे धावणार, तेवढ्यात काकींनी अडवलं. जांभ्याचा कडा वरून टणक दिसतो, पण दगड सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालचा मऊ मातीचा थर लाटांनी आणि पाण्यानं झिजतो, आणि वरचे धोंडे अधांतरी राहतात. कधी सुटतील सांगता येत नाही. पायथ्याला पडलेले मोठे दगड दिसले, की समजायचं, ते वरूनच आलेत. म्हणून कडा बघायचा तो लांबून. सावलीला माडाखाली बसायचं, तेही वर नारळ बघून! आणखी एक म्हणजे ओहोटीला कड्याला वळसा घालून पलीकडच्या खडकाळ कोपऱ्यात गेलं, तर भरती लागली की परतीची वाट पाण्याखाली जाते. तिकडे जायचंच असेल तर वेळ विचारून आणि लवकर परत यायच्या बोलीवर.

तुम्हीही जाणार असाल तर थोडं सांगते. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पाण्यात उतरायचंच नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात तर यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. ज्या समुद्रात कोळी उतरत नाही, तिथं आपण कशाला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत चांगले दिवस. कुडाळ हे कोकण रेल्वेचं जवळचं स्टेशन. जेवण आधी सांगून ठेवावं, निवांत गावात ऐनवेळी हॉटेल शोधून सापडत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टनं, सॅनिटरी पॅड वाळूत पुरून येऊ नका. आम्ही एक मोठी गोणी नेली होती, आमचा सगळा कचरा भरून परत आणला. ज्या गावानं आपल्याला जपलं, त्याच्या दारात घाण कशी ठेवायची?

निवांत किनारा शोधताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. गर्दी नसते तिथं बहुतेक वेळा जीवरक्षकही नसतो. निवांत म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे. ती सुरक्षितता आपल्याला गावातल्या माणसांकडून मागून घ्यावी लागते आणि थोडी आपली आपल्याला उभी करावी लागते. भीती वाटते म्हणून मुलांना समुद्रापासून कायमचं लांब ठेवलं, तर एक दिवस ती आपल्याला न सांगता मित्रांबरोबर जातात, आणि पाणी कुठं ओढतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यापेक्षा हात धरून नेलेलं बरं.

परतल्यावर गटाच्या बैठकीत खर्चाचा हिशेब मांडला. माणशी चाळीस रुपये उरले होते. ते परत घ्यायला कुणी तयार होईना. पुढच्या सहलीच्या खात्यात टाकले. वहिनींनी त्यांच्या माहेरी, भावजयीला फोन करून रापणीचं सगळं सांगितलं म्हणे. पुढच्या वेळी तीही येईल का, ठाऊक नाही. विचारायचं तेवढं आम्ही ठरवलं आहे.

तुमच्या घरची सहल ठरत असेल तर निघण्याआधीच, सगळे जेवायला बसलेले असताना, एकच प्रश्न विचारून बघा, "पिशव्यांपाशी कोण कोण बसणार, आणि किती किती वेळ?" सुरुवातीला सगळे हसतील. हसू द्या. पाळ्या कागदावर लिहून घ्या, आणि त्यात पहिली पाळी स्वतःची लावू नका.